भूक भागिले गवत

त्या जानेवारीपासून माझे वडील दीड-दोन महिने माझ्याकडे जालन्यात राहिले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गावाकडे, जाफराबादजवळ, ट्रॉलीत भरलेला कापूस ते वर उभं राहून तुडवत होते. पाय घसरला आणि थेट खाली आले. डाव्या पायाचं नळीचं हाड मोडलं. प्लास्टर जालन्याच्या दवाखान्यात झालं, दर पंधरा दिवसांनी दाखवायचं होतं, आणि पाय जमिनीला बिलकुल टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई वेचणीत आणि दोन म्हशींत अडकलेली. म्हणून दादा माझ्या मस्तगड भागातल्या दोन खोल्यांत आले. खाली दुकानं, वर मी. खालच्या दुकानातल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिना चढवला. वर पोचेपर्यंत दादा चौघांची माफी मागत होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. सकाळी सातला निघायचं, दीडपर्यंत परत. तेवढा वेळ दादा एकटे. टीव्ही त्यांना आवडत नाही. गॅलरीत खुर्ची टाकून ते रस्ता बघायचे. चौथ्या दिवशी त्यांना कोणतं दुकान किती वाजता उघडतं, कोण शटर अर्धंच वर करतं आणि कोणाकडे चहा आधी येतो हे सगळं पाठ झालं. पाचव्या दिवशी म्हणाले, "बाई, बघून झालं आता."

माणूस जन्मभर चालत आलेला. आमचं घराणं मेंढपाळाचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला घरी यायचं, असं दादा बावीस-तेवीस वर्षांचे होईपर्यंत चाललं. मग जमीन घेतली, मेंढरं विकली, कापूस-सोयाबीन करू लागले. पण अजूनही त्यांना कुठं बसवलं की दहा मिनिटांत ते उठून दुसरीकडे जातात. तो माणूस आता एका खुर्चीत.

त्याच हिवाळ्यात मला एक नाद लागला होता. अकरावीच्या मुलांना फेकलेल्या चेंडूचा मार्ग हलताना दाखवावा म्हणून मी संगणकावरचे खेळ बनवायचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून घेतला. त्याची स्वतःची एक छोटी भाषा असते. एक ओळ लिहायची, बटण दाबायचं, आणि पडद्यावरची वस्तू त्या ओळीप्रमाणे हलते. चेंडू दोन दिवसांत जमला. मुलांनी बघितला आणि "छान आहे मॅडम" म्हणून विसरले. मी मात्र विसरू शकले नाही. वीस वर्षं मी सूत्रं फळ्यावर लिहीत आले, पण फळ्यावरचं सूत्र आजवर कधी उठून चाललं नव्हतं. रोज दुपारी जेवण झालं की मी पुढचा धडा काढून बसायची.

त्या दिवशीचा धडा असा होता, की बारा पांढरे ठिपके माउसच्या बाणामागे गेले पाहिजेत. मी ओळी लिहिल्या, बटण दाबलं. ठिपके निघाले. मागून दादांचा आवाज आला, "मेंढरं का?"

मी वळून बघितलं. त्यांनी भिंतीला धरत धरत खुर्ची माझ्या मागे सरकवून आणली होती.

"नाही दादा, नुसते ठिपके आहेत. शिकायला."

"मेंढरंच दिसून राह्यलीत." त्यांनी मान पुढं काढली. "पण खोटी हायेत. ही मेंढरं हायेत का पोलीस? एका पावलानं चालून राह्यलीत सगळी."

खरंच होतं. बाराही ठिपक्यांना मी एकच वेग दिला होता, दोन. म्हणून ते सगळे कवायत केल्यासारखे सरकत होते, एकमेकांतलं अंतर एका केसानं कमी-जास्त न करता.

"मग मेंढरं कशी चालतात?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मला त्यांचं मन रमवायचं होतं, एवढंच.

दादांनी बराच विचार केला. "ज्याला भूक जास्त ते पुढं. पोट भरलेलं मागं. बाकीची मधी."

मी प्रत्येक ठिपक्याला भूक दिली. एकाला तीन, एकाला पाच, एकाला आठ, अशी. आणि दर सेकंदाला ती एकानं वाढावी म्हणून ओळ लिहिली. या भाषेत नावं देवनागरीत ठेवता येतात हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि दादा चौथीपर्यंत शिकलेले, मराठी नीट वाचतात. म्हणून मी सगळी नावं मराठीतच ठेवली.

भूक = भूक + 1

दादांनी ती मोठ्यानं वाचली. "हे भूक म्हंजे काय हाये? शब्द का आकडा?"

"याला चल म्हणतात दादा. नाव एकच, पण त्याची किंमत बदलत राहते."

"चल म्हंजे चालणारं?"

"बदलणारं."

"चालणारं बदलतंच की," ते म्हणाले आणि पुढचं बघायला लागले.

माझा मात्र ती ओळ लिहिताना हात अडखळला होता. भूक बरोबर भूक अधिक एक. दोन्हीकडून भूक काढली तर शून्य बरोबर एक उरतं. मुलानं वहीत असं लिहिलं असतं तर मी लाल फुली मारली असती. मी ते दादांना बोलून दाखवलं. त्यांना त्यात काहीच चुकीचं दिसेना. "आत्ता तीन व्हती, आता चार झाली. जुनी भूक, त्यात नवी. मंग? भूक काय रोज पहिल्यापासून लागती का?" या भाषेत त्या चिन्हाचा अर्थ 'समान आहे' असा नसतो. उजवीकडचं गणित कर आणि उत्तर डावीकडच्या नावात ठेव, असा असतो. मला हे पुस्तकातून तीनदा वाचून कळलं होतं.

मग वेगाची ओळ लिहिली.

वेग = 1 + भूक / 10

म्हणजे पोट भरलेलं मेंढरू एकच्या चालीनं चालेल आणि भूक वाढेल तशी चाल हळूहळू वाढत जाईल. सरळ रेषेचं समीकरण, नववीचं. बटण दाबलं. मेंढरं निघाली, पुन्हा एका पावलानं. थोडा वेळ तशीच गेली. मग एकानं अचानक उसळी घेतली. मग दुसऱ्यानं.

"साप दिसल्यावानी करून राह्यलीत," दादा म्हणाले.

मी ओळ पुन्हा पुन्हा वाचली. चूक दिसेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना मला एक सुचलं. प्रत्येक मेंढराच्या डोक्यावर त्याची भूक आकड्यात दिसेल असं केलं, लॅपटॉप दादांच्या समोर स्टुलावर ठेवला, आणि थांबलं की पुन्हा कोणतं बटण दाबायचं ते दाखवून गेले.

दीडला मी आले तर दादा दाराकडेच नजर लावून बसलेले. भाकरी झाकलेली तशीच.

"दहाला उसळतेत," ते म्हणाले.

"काय?"

"डोक्यावर दहा आलं की उसळतेत. नऊवर न्हाई. एकवर, चारवर, नऊवर सारखीच चाल. दहा आलं की एकदम पुढं. मंग वीसपस्तोर पुन्हा तीच चाल. वीसला दुसरी उसळी. सगळी तशीच करतेत, एकबी चुकली न्हाई. मी पाच वेळा पाह्यलं."

मी चप्पल न काढताच लॅपटॉपसमोर बसले. पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनं भागलं की ही भाषा उत्तरही पूर्णच देते. बाकी उरते ती टाकून देते. नऊ भागिले दहा म्हणजे शून्य. एकोणीस भागिले दहा म्हणजे एक. पुस्तकात हे एका कोपऱ्यात लिहिलं होतं, मी वाचून पुढं गेले होते. दहाच्या जागी मी दशांश चिन्ह देऊन 10.0 लिहिलं, आणि मेंढरं एकदम मऊ चालायला लागली.

दादांना मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे नऊ भूक असली तरी हा भूकच न्हाई म्हणत व्हता?"

"हो."

"तेच्या मायला," दादा म्हणाले आणि भाकरीचं ताट जवळ ओढलं.

त्या दिवसापासून ते माझं मन राखायला बसेनात आणि मीही त्यांचं मन रमवायला बसेना. दीड वाजायची मी वाट बघायची. कॉलेजात स्टाफरूममध्ये बसून मी वहीच्या मागच्या पानावर मेंढरांबद्दलचे प्रश्न लिहू लागले. मेंढरं उन्हात काय करतात? (दादा: "एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतेत. सावली न्हाई घावली की दुसरीची घ्यायची.") रस्ता ओलांडताना? ("पयली गेली की सगळ्या जातेत. पयली जाऊ द्यायची न्हाई, एवढंच काम.") एवढ्या वर्षांत हे मी त्यांना कधीच विचारलं नव्हतं. माझ्या जन्माआधी मेंढरं विकलेली. आमच्या घरात मेंढरांचा विषय निघाला तर आई म्हणायची, जाऊ द्या, ते दिवस गेले.

मग गवत आलं. दादांचं म्हणणं असं, की भुकेचा आकडा एकटा पुरत नाही. भूक कितीही असली तरी पायाखाली चारा भरपूर असला तर मेंढरू पुढं कशाला जाईल? ते तिथंच तोंड खाली घालील. चारा विरळ झाला की पाय उचलील. मी पडद्यावर जमिनीचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात गवत किती ते ठेवलं, मेंढरू चरेल तसं ते घटत जावं अशी ओळ घातली. आणि वेगाचं सूत्र बदललं.

वेग = भूक / गवत

गवत जास्त, वेग कमी. गवत कमी, वेग जास्त. व्यस्त चलन. मी ते लिहिलं तेव्हा दादांनी वाचलं, "भूक भागिले गवत." आणि हसले. "भागली म्हंजे बरं."

मेंढरं सुंदर चरायला लागली. हिरव्या चौकोनात रेंगाळायची, फिक्या चौकोनातून झपझप जायची. पाय टेकवायचा नाही हे विसरून दादा एकदा उठायला निघाले, मी खांदा धरून बसवलं. आम्ही दोघंही बघत होतो. खालचा एक चौकोन पांढरा होत गेला, त्यावर दोन मेंढरं होती, आणि ती दोन्ही नाहीशी झाली.

"कुठं गेली?"

मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. गवत संपलं की त्या चौकोनातलं मेंढरू गायब. थोड्या वेळात बाराही गायब, आणि पडद्यावर नुसती माती.

गवत शून्य झालं होतं. भूक भागिले शून्य. दशांश संख्यांच्या बाबतीत ही भाषा असं गणित आलं की थांबत नाही, ती उत्तर 'अनंत' धरते आणि पुढं जाते. मेंढरांचा वेग अनंत झाला आणि ती एका क्षणात पडद्याबाहेर, कुठंतरी, जिथं कुठलीच जागा नाही तिथं गेली. मी दरवर्षी वर्गात सांगते, शून्यानं भागणं अव्याख्यात आहे, आणि फळा पुसते. कुणी विचारलंच तर म्हणते, त्याला अर्थ नाही. ते घडलं तर कसं दिसेल हे मी आजवर बघितलं नव्हतं.

मी दादांना सांगितलं, की चारा शून्य झाल्यावर काय करायचं हे मला ठरवून द्यावं लागेल. सूत्र तिथं चालत नाही. मी एखादी अट घालणार होते, वेग दहाच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी. म्हणजे चारा संपला की मेंढरू जोरात पळेल.

"पळत न्हाई," दादा म्हणाले.

"मग?"

"चारा संपल्यावर मेंढरू उभं राहतं. मुंडकं वर करून उभं राहतं, अन् माणसाकडं बघतं." त्यांनी चष्मा काढून लुंगीला पुसला. "पळतो तो माणूस. चारा बघायला. आम्ही पुढं पळायचो दोन-दोन कोस. कापसाची पऱ्हाटी कुठं मोकळी झाली, कोणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला मिळतेत. मेंढरं आपली उभी."

मी तशी अट घातली. गवत शून्य असेल तर भागाकार करूच नकोस, वेग शून्य, आणि ठिपक्याला तोंड म्हणून काढलेलं काळं टोक बाणाकडे. ओळी चार वाढल्या. बटण दाबलं. चारा संपला, आणि बारा मेंढरं वळून माझ्या बाणाकडे बघत उभी राहिली. म्हणजे आता मलाच काहीतरी करायचं होतं. तोपर्यंत तो नुसता ठिपक्यांचा धडा होता. तेव्हा तो खेळ झाला.

प्लास्टर काढायला आठ दिवस होते तेव्हा आत्याबाई आल्या. दादांची थोरली बहीण. गावातच राहतात, सत्तरीच्या आसपास, आणि आमच्या घराण्यात अजून मेंढरं राखणाऱ्या त्या एकट्याच. अठरा मेंढरं आहेत. ती त्या दिवशी सुनेवर सोपवून सकाळच्या एसटीनं आल्या. जवसाची चटणी, बाजरीचं पीठ आणि भावाच्या पायाला लावायला कसलंसं तेल घेऊन. पाय प्लास्टरात आहे हे कळल्यावर तेल माझ्याकडे दिलं.

दादा त्यांना खेळ दाखवायला अधीर झाले होते. चहासुद्धा होऊ दिला नाही. "आक्का, हिकडं बैस. हे बघ. हे आपले मेंढरं."

आत्याबाईंनी पदर सावरून पडद्याकडे बघितलं. दादा त्यांना एकेक सांगत गेले, ही भूक, हे गवत, ही बघ थांबली. स्वतः ओळी लिहिल्यासारखे सांगत होते. आत्याबाई एकेका ठिपक्यावरून बोट फिरवत गेल्या. मग म्हणाल्या, "ह्यात लेकुरवाळी कोणची?"

दादा थांबले. माझ्याकडे बघितलं.

"कोकरं न्हाईत का ह्यात?" आत्याबाई मला म्हणाल्या. "जानेवारी म्हंजे अर्ध्या मेंढ्या लेकुरवाळ्या असतेत. ह्याला काय ठाऊक. हा मोठी मेंढरं घेऊन पुढं जायचा. मागं कोकरं अन् व्यालेल्या मेंढ्या माझ्याकडं. मी नऊ-दहा वर्षांची व्हते तवापासून."

मी वही घेतली. "मग लेकुरवाळी कशी चालते आत्याबाई?"

"ती चालतच न्हाई नीट. चार पावलं जाती, मागं बघती. लेकरू आलं तर पुढं."

मी त्यांच्यासमोरच तीन मेंढ्यांना कोकरं दिली, लहान ठिपके. आणि वेगातून काहीतरी वजा केलं. कोकरू जितकं मागं राहील तितकं आईच्या वेगातून वजा. आत्याबाई बघत राहिल्या. पहिली दोन मिनिटं त्यांना पटलं. मग एका मेंढीची भूक फार वाढली आणि ती कोकराला टाकून निघून गेली.

"असं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

मी वजा करायचा आकडा वाढवला. मेंढी जास्त वेळ थांबली. पण भूक आणखी वाढल्यावर ती गेलीच. पुन्हा वाढवला. पुन्हा तेच, फक्त उशिरा.

"भूक किती झाली तर जाते ती, म्हणजे किती आकडा धरू?" मी विचारलं.

"कितीबी. भूक कितीबी असू दे, लेकरू हाकेच्या बाहेर राहिलं की ती थांबती. ह्यात किती न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझी क्रियाच चुकली होती. वजाबाकीत मी एक आकडा भुकेच्या विरुद्ध उभा करत होते, आणि दोन आकडे समोरासमोर आले की कधी ना कधी मोठा जिंकतो. आत्याबाई वजाबाकीचं सांगतच नव्हत्या. मी ती ओळ पुसली आणि गुणाकार लिहिला.

वेग = भूक / गवत * जवळीक

कोकरू अंगाशी असलं की जवळीक एक, म्हणजे वेगात काहीच फरक नाही. ते मागं राहत जाईल तशी जवळीक एकवरून खाली, आणि हाकेच्या बाहेर गेलं की शून्य. शून्यानं गुणलं की भूक शंभर असो नाहीतर लाख, उत्तर शून्य. मेंढी थांबली. मी मुद्दाम भूक हजार केली. थांबलेलीच राहिली.

"हां," आत्याबाई म्हणाल्या. "ही बराबर."

दादांना मात्र ते पटेना. "आक्का, दोन दिवसाची उपाशी असली तर जाती. मी पाह्यलंय."

"कवा?"

"आपण पूर्णेच्या काठानं खाली गेल्तो त्या उन्हाळ्यात. काळ्या तोंडाची मेंढी. लेकरू टाकून आल्ती. मी पुढून वळून पाह्यलं तर मेंढी एकटी चालून राह्यली, लेकरू कुठंच न्हाई. मला लई वाईट वाटल्तं. म्हटलं, भूक लई वंगाळ."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "येड्या, लेकरू माझ्या ओटीत व्हतं."

दादांनी मान वळवून बहिणीकडे बघितलं.

"पाय भाजत व्हते त्याचे. चालंना. मी उचलल्तं अन् ओटीत घातल्तं. ती माझ्या मागं मागं येत व्हती. माझा पदर हुंगत."

"मला कवा सांगितलं न्हाई."

"तू कवा इचारलं?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षं दादांनी त्या मेंढीबद्दल एक गोष्ट खरी धरली होती. त्यांनी पडद्यावरच्या तीन थांबलेल्या मेंढ्यांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "राहू दे गुणाकार." आणि आत्याबाईंना म्हणाले, "चहा घे."

जेवताना दोघं त्या उन्हाळ्याबद्दलच बोलत होते. कुठं पाणी मिळालं, कुठल्या गावात कुत्रे अंगावर आले. मी मधे मधे विचारत होते आणि दोघं एकमेकांचं दुरुस्त करत होते. चार वाजता मी आत्याबाईंना स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या डब्यात मेंढराचा आवाज न्हाई. मेंढरू आवाजावर चालतं." गाडी सुटली. तो आवाज मला अजून जमलेला नाही.

प्लास्टर निघालं. आणखी तीन आठवडे काठी घेऊन खोलीतल्या खोलीत, मग जिना, मग दादांना मी गावी सोडलं. होळीची सुट्टी जोडून आली होती, म्हणून मीही चार दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंच्या मेंढरांमागे निघाले. दादा बैलगाडीच्या वाटेपर्यंत काठी टेकत आले आणि बांधावर बसून राहिले. कापूस उपटून झालेली रानं होती. मी वही आणि घड्याळ घेऊन एका मेंढीवर नजर ठेवली. ती चरायची, चालायची, थांबायची. आमच्या सूत्राप्रमाणे ती वागत होती का? कधी कधी, हो. पण सगळ्या अठराच्या अठरा मेंढ्या सकाळपासून एकाच बाजूला तोंड करून चरत होत्या, पूर्वेकडे. चारा तर चारी बाजूंना सारखाच होता.

"आत्याबाई, यांची तोंडं सगळ्यांची तिकडंच का?"

त्यांनी बघितलं. जणू पहिल्यांदाच. "हायेत खऱ्या."

मला गालावर वारा लागत होता, पूर्वेकडूनच. "वाऱ्याकडे तोंड करून चरतात का त्या?"

आत्याबाई काठीवर हनुवटी टेकून उभ्या राहिल्या. साठ वर्षं मेंढरांमागे चाललेली बाई. "ह्याच्याकडं कधी ध्यान गेलं न्हाई," त्या म्हणाल्या. दुपारी बांधावर येऊन आम्ही दादांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं ते काहीतरी ठाम सांगतील. ते फक्त म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दादांनी काठीला जुन्या धोतराची एक चिंधी बांधली आणि बांधावर रोवली. वारा दक्षिणेकडून होता. मेंढरं दक्षिणेकडे तोंड करून चरली. आत्याबाईंनी मला हाक मारून दाखवलं. त्याच्या पुढच्या दिवशी वारा पश्चिमेचा होता आणि मेंढरांनी वाऱ्याकडे पाठ केली. सगळ्यांनीच नाही. अकरांनी पाठ, सातांनी तोंड. आम्ही तिघं त्यावर संध्याकाळपर्यंत बोललो. दादा म्हणाले थंडी होती म्हणून. आत्याबाई म्हणाल्या तिकडून कुत्रं भुंकत होतं. मी दोन्ही वहीत लिहून घेतलं.

जालन्याला परत आल्यावर मी खेळ पुन्हा उघडला. सूत्राच्या शेवटी अधिकचं चिन्ह टाकून वारा हे नाव लिहिलं. आता त्याची किंमत शून्य आहे, म्हणजे ते असून नसल्यासारखं आहे. आठवड्यातून दोनदा दादांचा फोन येतो. पाय कसा आहे ते शेवटी सांगतात. आधी वारा कुठून होता आणि किती मेंढ्यांची तोंडं कुठं होती ते. मी वहीत मांडून ठेवते. मागच्या महिन्यात सलग पाच दिवस मेंढ्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं, मग दोन दिवस काहीच मेळ लागला नाही. आत्याबाई आता म्हणतात, तोंड बघू नका, कान बघा.